सोमवारचं पाणी

पिपरौलीच्या मराठ्यांचा गहू त्या साली पोटरीत आला आणि नेमका तेव्हाच कालव्यानं हात आखडता घेतला. भादवा कोरडा गेला होता. धरणात पाणी निम्मंच साठलं होतं, त्यामुळे पंधरवड्याची पाळी महिन्यावर गेली. त्यातली मागची पाळी तर बुडालीच. वरच्या अंगाला गावच्या ठाकुराच्या माणसांनी पाट फोडून आपली मोहरी भिजवून घेतली आणि खाली मराठ्यांच्या शेतापर्यंत आला तो नुसता गाळ. संभाजीराव काकडे रोज सकाळी धुक्यात बांधावर जायचे, गव्हाचं एक पान दोन बोटांत धरायचे. टोक पिवळं पडत चाललं होतं. पान सोडून ते हात धोतराला पुसायचे आणि परत यायचे.

गावात मराठ्यांची घरं पाचच. आजे-पणजे फौजेबरोबर दक्षिणेतून आले, ग्वाल्हेरच्या पथकांत राहिले, आणि त्या चाकरीपायी कालव्याकाठची ही जमीन मिळाली. संभाजीराव स्वतः जमादार म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त म्हणजे काय, संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पलटण मोडली, आणि एका सकाळी सगळ्यांना सांगितलं की आता घरी जा. ते घरी आले, पण पलटण अंगातून गेली नाही. म्हशीला पाणी दाखवायला न्यायचं तरी पाऊल मोजून टाकत. विजयाबाई म्हणत, "म्हैस बिचकते हो तुमच्या चालीनं."

त्यांच्या मनात एक सल होता. गेल्या साली गावात पंच निवडले. लिंबाखाली सगळे बसले होते आणि हात वर करून मतं घेतली. ठाकूर लछमनसिंहाचा कारिंदा, त्याचा कारभारी, हात मोजत फिरत होता. मराठ्यांच्या पाच जणांपाशी आला, थांबला आणि मागं वळून म्हणाला, "इनके क्या गिनने? ये छावनीवाले हैं, आज यहाँ, कल दक्खन." लिंबाखाली हशा पिकला. बाकी चौघांनी हात खाली घेतले. संभाजीरावांचा हात मात्र वरच राहिला. खाली घ्यावा तर हार, वर ठेवावा तर हसं. शेवटी त्यांनी त्या हातानं पागोटं सारखं केल्यासारखं केलं. चार पिढ्या ह्या मातीत राबून आपण अजून पाहुणेच, ही गोष्ट त्या दिवसापासून त्यांना घासासरशी टोचायची.

मग सगळ्या देशाची निवडणूक आली. संभाजीराव उठले ते तडक ग्वाल्हेर शहरात लष्कर भागात गेले, इंदरगंजात भालचंद्र वकिलांकडे. वकील आपल्यातले, सभ्य माणूस. त्यांनी आणि दोन-चार निवृत्त मास्तरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. गावोगाव जे संख्येनं थोडके लोक असतील त्यांना मत देताना कुणी अडवत नाही ना, हे बघायचं.

संभाजीरावांनी लिंबाखालची सगळी हकिकत सांगितली. सांगताना हात पुन्हा वर गेला.

"म्हणून म्हणतो वकीलसाहेब, ह्या खेपेला आमच्या पाच घरांना कुणी धक्का लावता कामा नये. बंदोबस्त पाहिजे."

"पिपरौलीत पाच घरं आपली. आणखी थोडके कोण आहेत?" वकिलांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बुनकर असतील. सहराना असेल."

"आहेत की. बुनकरांची तीन घरं, कापड विणणारी. सहराना नाल्यापलीकडे, सहरियांच्या दहा-बारा झोपड्या. रानातून लाकूड आणतात, आमच्याकडे मजुरीला येतात."

"मग तेही तुमच्याच पदरात. संभाजीराव, हे काम फक्त आपल्या लोकांसाठी करायचं असेल तर मी दुसरा माणूस बघतो."

"छे छे, तसं कसं? सगळ्यांचं बघेन," संभाजीराव म्हणाले. वकिलांनी त्यांच्या जुन्या पलटणी कोटाला स्वतःच्या हातानं मंडळाचा बिल्ला लावला. परतताना बाड्यावरच्या बाजारात त्यांनी एका दुकानाच्या काचेत दोनदा तो बिल्ला बघितला. तिसऱ्यांदा बघणार होते, पण आतून दुकानदार हसला.

मतदानाला दोन दिवस राहिले आणि कालव्याचा पतरौल, पाण्याच्या पाळ्या लावणारा, सायकल ढकलत आला. बांधावरूनच ओरडला, "जमादार साब! आपकी पाली सोमवार को. सूरज निकलने से सूरज डूबने तक. पाँचों घर का पानी एक साथ."

"सोमवारी?" संभाजीराव उठून उभे राहिले. "अरे, सोमवारी तर वोट आहे!"

"तो पानी छोड़ दूँ? ठाकुर साब तो कब से माँग रहे हैं."

"नको नको नको," आतून विजयाबाई धावत आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. "सोमवार तर सोमवार. आमचं पाणी आम्हाला."

संध्याकाळी जेवताना संभाजीराव भाकरीवर भाकरी चुरत होते आणि बेत करत होते. पुरुषांनी उजाडता जाऊन मत देऊन यायचं, मग शेतात पाण्याची दारं धरायची. ते स्वतः दिवसभर मतदानाच्या शाळेसमोर पहारा देणार.

"आणि पाण्याला माणसं?" विजयाबाईंनी विचारलं. "पाचही घरचं पाणी एका दिवसात पाजायचं. पाट मागच्या वेळचा फुटका आहे. चार पुरुषांनी काय होणार?"

"सहराण्यातल्या हल्केला सांग. म्हणावं सगळा सहराना घेऊन ये. दुप्पट धान्य देऊ. दिवस मावळेपर्यंत कुणी हलायचं नाही, एवढं बजाव."

असं म्हणून त्यांनी ताटात पाणी ओतलं आणि उठून कोटाला ब्रश मारायला बसले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. विजयाबाईंच्याही नाही. दोघांनाही गहू दिसत होता.

सोमवारी धुकं असं दाट की शाळेचं दार हाताला लागेपर्यंत दिसेना. संभाजीराव पहिले. शाई लागलेलं बोट त्यांनी वाळेपर्यंत ताठ धरलं, आणि मग रस्त्याच्या कडेला पाय जोडून उभे राहिले. आत मुरारहून आलेले श्रीवास्तव मास्तर मतदानाचे अधिकारी होते. ते मधेच बाहेर येऊन म्हणाले, "बैठ जाइए जमादार साहब."

"पहाऱ्यावर बसत नाहीत," संभाजीराव म्हणाले. मास्तरांना मराठी येत नव्हतं, पण समजलं.

आणि खरंच, सकाळ मोठी नामी गेली. ठाकुराच्या कारिंद्यानं बुनकरांच्या बोळाच्या तोंडाशी बैलगाडी आडवी लावली होती. चाक मोडलं म्हणे. संभाजीरावांनी वाकून चाक बघितलं, आरे मोजले, धाव ठोकून बघितली आणि म्हणाले, "चाक चांगलं है. नीयत मोड़ी है." मग स्वतः जुवाला खांदा लावला. आजूबाजूची चार पोरं धावली, गाडी बाजूला झाली, आणि बुनकरांची तिन्ही घरं, बायका-माणसं, म्हाताऱ्या आजीला पाठुंगळी घेऊन, हसत बाहेर पडली. मराठ्यांचे पुरुष तर कधीच मत देऊन शेताकडे गेले होते. कुणी हटकलं नाही, कुणी हसलं नाही. संभाजीरावांची छाती अशी फुगली की बिल्ला आडवा झाला.

ऊन वर आलं. रांग पातळ झाली. तेव्हा श्रीवास्तव मास्तर पुन्हा बाहेर आले.

"जमादार साहब, सहराने से अभी तक एक भी नहीं आया. क्या बात है?"

संभाजीरावांचे कान तापले. त्यांनी शाळेपासून जरा दूर, शिसमाच्या झाडाखाली खाट टाकून बसलेल्या ठाकुराकडे बघितलं. ठाकूर ऊस खात होता. भोवती दहा-पंधरा माणसं. संभाजीराव सरळ चालत गेले आणि खाटेपुढे टाच जुळवून उभे राहिले.

"ठाकुर साब, सहराने के लोग कहाँ बिठाके रखे हैं?"

ठाकुरानं उसाचा चोथा थुंकला. "हमने?"

"वोट सबका है. मैं यहाँ निगरानी को खड़ा हूँ. एक भी आदमी रोका तो लष्कर तक खबर जाएगी."

"जरूर भेजो खबर," ठाकूर शांतपणे म्हणाला. "आज हमारे यहाँ तो एक मजूर नहीं आया. सबेरे कारिंदा बुलाने गया, सहराना खाली पड़ा था. पता चला, सब के सब छावनीवालों के गेहूँ में खड़े हैं. दूना नाज बोला है किसी ने, और कहा है, सूरज डूबने तक हिलना नहीं." त्यानं उसाचं दुसरं कांडं उचललं. "किसने बोला, पता करो जमादार साब. निगरानी तो आपकी है."

शिसमाखाली असा हशा उठला की झाडावरचे कावळे उडाले.

संभाजीराव तसेच उभे राहिले. परवा रात्रीचं ताट त्यांना दिसलं, भाकरीचा चुरा दिसला, आणि स्वतःचाच आवाज ऐकू आला, कुणी हलायचं नाही, एवढं बजाव. ठाकुरानं पाट फोडला, गाडी आडवी लावली, ते सगळं खरं. पण आख्खा सहराना एका दोरीनं बांधून ठेवायचं त्याला जमलं नव्हतं. ते आपण जमवलं होतं, आणि वर बिल्ला लावून उभे होतो.

"पता करतो," ते म्हणाले आणि वळले. पहिली दहा-वीस पावलं पलटणीची पडली. शाळा नजरेआड झाली तसे धोतर वर धरून पळत सुटले.

शेतात धुकं विरलं होतं आणि पाणी चमकत होतं. सहराण्याची बायका-माणसं वाफ्यावाफ्यात विखुरली होती. हल्के पाटाच्या तोंडाशी होता. त्याची बायको कुसमा गुडघाभर चिखलात उभी राहून फुटक्या बांधावर माती थापत होती. विजयाबाई कासोटा घालून मधोमध उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी पाणी इकडं, पाणी तिकडं करत होत्या.

"हल्के!" संभाजीराव लांबूनच ओरडले. "फावड़ा डाल! सब चलो! वोट! चलो, चलो!"

सगळे थांबले. कुणी हललं नाही. हल्केनं विजयाबाईंकडे बघितलं. विजयाबाईंनी नवऱ्याकडे.

"काय झालं हो? पडलात की काय कुठं?"

"अगं, ह्यांची मतं राहिली!"

विजयाबाईंनी तोंडावर हात नेला. चिखलाचा हात, तसाच गालाला लागला. "आई गं," एवढंच त्या म्हणाल्या.

कुसमा चिखलातून बाहेर आली नाही. तिथूनच म्हणाली, "कल बोले, दिन डूबे तक हिलना नईं. आज बोलते हो, दौड़ो. जमादार साब, हम बैल हैं का?"

"चुकलं," संभाजीराव मराठीतच म्हणाले. मग त्यांना वाटलं, ते हिंदीत म्हणायला पाहिजे. "गलती मेरी है, कुसमा."

तिनं त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "और नाज?"

"पूरा मिलेगा. दूना."

"मी सांगते ना, मिळेल," विजयाबाई म्हणाल्या.

"हओ. और ये दार?" कुसमानं पायाखालच्या बांधाकडे बोट दाखवलं. "कच्चो है. हम हटे और ये गओ. सबेरे से थोप रहे हैं."

"मी धरतो."

आता मात्र सहराण्याची सगळी माणसं मोकळी हसली. हल्के तर फावड्यावर रेलून हसला.

शेजारच्या शेतातून मानसिंगराव तणतणत आले. ते संभाजीरावांच्या पलटणीतले, दमेकरी आणि तापट. "संभाजी, डोकं फिरलंय का तुझं? मागची पाळी बुडाली, ही पण घालवतोस? आता पाणी नाही मिळालं तर ओंबीत दाणा भरणार नाही. मग काय, बिल्ला दळून खायचा?"

"मानसिंग, लिंबाखाली आपले हात मोजले नाहीत तेव्हा तू घरी जाऊन भरलं ताट बाजूला सारलंस. वहिनींनी सांगितलंय मला."

"त्याचा इथं काय संबंध?"

"ह्यांना तर हात वर करायलाही आपण जाऊ देत नाही."

मानसिंगराव खोकले. मग त्यांनी हल्केच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं. "जा रे. पण पायी रमत-गमत नको. पळा."

सहरिया नाल्यावर पाय धुऊ लागले. विजयाबाईही त्यांच्यात जाऊन पाय धुऊ लागल्या. कासोटा सोडला, पदर खोचला, गालावरचा चिखल पुसला.

"तू कुठं निघालीस?" संभाजीरावांनी विचारलं.

"मत द्यायला."

"तू? अगं, पण पाणी..."

"तुम्ही धरताय ना?"

"तू संध्याकाळी गेली असतीस."

"संध्याकाळी शाळा बंद, आणि मला चूल. उजाडता पुरुषांनी जायचं, एवढंच ठरलं होतं तुमचं. आम्ही बायका कुणाच्या निगराणीत होतो हो?" विजयाबाईंनी मानसिंगरावांच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "शांताताई! लीलाताई! चला गं, हे लोक दारं धरताहेत!"

आणि त्या गेल्या. बांधावरून ओळ चालली, पुढं कुसमा, तिच्या मागं विजयाबाई, मग पाचही घरच्या बायका आणि सगळा सहराना. शेतात उरले पाच मराठे आणि कालव्याचं पाणी.

पाण्याला लगेच कळलं की माणसं बदलली. मानसिंगरावांनी एक दार उघडलं तर दुसरीकडूनच पाणी निघालं. संभाजीरावांनी फावडं मारलं ते इतकं खोल की उपसताना ते स्वतःच बसले. हाताला फोड आले. थंडीच्या पाण्यात पाय प्रथम झोंबले, मग बधिर झाले, मग कुणा दुसऱ्याचे वाटू लागले. आणि कुसमानं सांगितल्याप्रमाणे तो कच्चा बांध गेला. भसकन गेला, आणि पाणी खळाळत नाल्याकडे धावलं.

"मानसिंग! माती!"

"आणतोय! तू अडव!"

अडवायला काही नव्हतं. संभाजीरावांनी इकडं तिकडं बघितलं आणि मग त्या खिंडारात पाठ लावून स्वतःच बसले, कोटासकट. पाणी कमरेवर चढलं, पोटाला भिडलं. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो पलटणीतही कुणी ऐकला नव्हता. मानसिंगराव खोकत, हसत, शिव्या देत माती टाकत होते. निम्मी बांधावर पडत होती, निम्मी जमादाराच्या मांडीवर.

"हलू नकोस! दिवस मावळेपर्यंत हलायचं नाही बरं!"

"टाक रे, टाक!"

बांध उभा राहिला. वाकडा, पण उभा. संभाजीराव उठले तेव्हा त्यांचे दात वाजत होते आणि तरी त्यांना हसू येत होतं. गव्हातून पाणी हळूहळू पुढं सरकत होतं, जमीन बुडबुडे सोडत पीत होती, आणि ते त्यांनी स्वतः नेलेलं होतं.

ऊन कलताना बायका परतल्या. लांबूनच त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. विजयाबाई येताच बांधावर बसल्या आणि सांगू लागल्या. रांगेत कुसमा त्यांच्या पुढं होती. कारिंदा तिला म्हणाला, हट, पहले घरवालियों को जाने दे. कुसमा मागं सरली, तर विजयाबाईंनी तिला दंडाला धरून होती तिथं उभी केली. "मी म्हटलं, भैया, आम्ही हिच्या मागंच आलो आहोत. शेतापासून मागंच आहोत. मास्तर आतून बाहेर आले आणि त्याला म्हणाले, तू रांगेत आहेस का? नाहीस? मग चालता हो."

"बरं केलं," संभाजीराव म्हणाले. मग राहवेना. सकाळपासून हे एकच विचारायचं राहिलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मत कुणाला दिलंस?"

विजयाबाईंनी कुसमाकडे बघितलं. कुसमानं विजयाबाईंकडे बघितलं. मग दोघींनाही असं हसू फुटलं की कुसमाला खाली बसावं लागलं.

"का? काय झालं हसायला? हल्के, तूने किसको दिया?"

हल्के कुसमाकडे बघू लागला.

"मैंने बाईसाब से नईं पूछो," कुसमा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाईसाब ने मुझसे नईं पूछो. अंदर परदा था, जमादार साब. बाहर आप हो. अब क्या करें?"

"अगं, पण मी नवरा आहे," संभाजीराव विजयाबाईंना म्हणाले.

"आहात की," विजयाबाई म्हणाल्या. "बांध कुणी घातला हा? पाझरतोय."

सगळ्यांनी तिकडं बघितलं. वाकड्या बांधाच्या पोटातून पाण्याची एक बारीक धार निघाली होती आणि बघता बघता बोटाएवढी झाली. सूर्य अजून हातभर वर होता. शेताच्या टोकाचे चार-पाच वाफे कोरडे होते. ते भिजतील की नाही, कुणालाच सांगता आलं नसतं. कुसमानं फावडं उचललं, हल्केनं दुसरं, आणि तिसरं घ्यायला दोन हात एकदम पुढं आले. ते संभाजीरावांना मिळालं. "इधर से थोपो," कुसमा म्हणाली, "उधर से नईं," आणि जमादार तिनं दाखवलं त्या बाजूला जाऊन माती थापू लागले.